बोगद्यांमधला दांडा

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं जपानमधल्या उरायासुहून बर्फ बघायला निघालो, ते ऑफिसातल्या सहकाऱ्याची छोटी जीप मागून घेऊन. टायर बर्फात चालणारेच होते. त्याने बजावलं होतं, "फोर-व्हील फक्त बर्फावर लाव. कोरड्या रस्त्यावर गाडीला त्रास होतो." माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं की ताशी शंभरच्या आत, चाकं सरळ ठेवून, चालत्या गाडीतही फोर-व्हीलचा दांडा सरकवता येतो.

हायवेवर डोंगर लागला आणि बोगदे सुरू झाले. बाहेर बर्फ, आत कोरडा रस्ता. मी प्रत्येक तोंडाशी दांडा पुढेमागे करत होतो. सातव्या बोगद्यानंतर बायको म्हणाली, "अरे, लिफ्ट चालवतोयस का?"

"नियम आहे तो."

"पाटीवर पन्नास लिहिलंय, तोही नियमच आहे. तू ऐंशीवर आहेस."

"चारही चाकं ओढतायत," मी म्हणालो.

नवव्या बोगद्यातून बाहेर पडताना माझी नजर दांड्यावर होती. मान वर केली तर पुढच्या ट्रकचे लाल दिवे लागलेले. ब्रेक दाबला आणि ओढणारी ती चारही चाकं एकदमच घसरली. ट्रकच्या मागे हातभर अंतरावर गाडी थांबली.

तिने दांड्यावर हात ठेवला. "हा मी बघते. तू काटा बघ."

मग प्रत्येक बोगद्याशी ती "सोड" म्हणायची आणि मी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचो, की ती दांडा सरकवायची. काटा पन्नासच्या वर गेला नाही. माझा डावा हात मात्र घरी पोचेपर्यंत सारखा दांड्याकडे जात राहिला.