बोटभर फट

रोज संध्याकाळी काम आटोपलं की दत्ताराम टेबलावरच्या वाइसचे, म्हणजे काम पकडून धरणाऱ्या लोखंडी शिकंज्याचे, जबडे जवळ आणायचा आणि मध्ये आपलं बोट घालून बघायचा. बोटभर फट राहिलीच पाहिजे. मग दांडा सरळ खाली लोंबता ठेवायचा, स्क्रूवर तेलाचा हात फिरवायचा आणि मगच स्वतःचे हात धुवायचा. "रात्रभर दात आवळून कोण झोपतं?" असं म्हणायचा.

सौदीतल्या अल सुलैच्या त्या वर्कशॉपमध्ये तो सोळा वर्षं फिटर होता. वाइस मात्र त्याचा स्वतःचा. शेजारच्या भंगारात पाइपांच्या ढिगाखाली तो सापडला तेव्हा गंजून दगड झाला होता. दत्तारामने सुट्टीचे तीन शुक्रवार डिझेल पाजून, हलक्या हाताने ठोकून तो सोडवला. गंजाखालून 'मेड इन यूएसए' अशी उठावाची अक्षरं निघाली आणि सरकत्या भागाच्या पोटाशी ठोकलेलं साल, १९५७. दत्तारामचंही जन्मसाल तेच. जबड्यात कागदाचा कपटा धरला तर दोन्ही टोकांना सारखाच घट्ट बसायचा.

"जुळा भाऊ सापडला," त्याने लांज्याला बायकोला फोनवर सांगितलं.

"भाऊ सापडतो, मग हुफूफचा खजूर का सापडत नाही?" सत्यभामा म्हणाली.

२०१७ साली फिटरची जागा सौदी माणसाला द्यायचं ठरलं आणि दत्तारामचं तिकीट निघालं. साठी आलीच होती, घरी जायला तो खूशच होता. जीव अडकला होता तो वाइसमध्ये. इथे ठेवावा तर कुणीतरी जास्त जोर यावा म्हणून दांड्यावर पाइप चढवून आवळणार, जबडा तडकणार, पुन्हा भंगार. खोलीतला बदरुद्दीन त्याच विमानाने सुट्टीवर निघाला होता.

"खोलून अर्धा माझ्या बॅगेत टाक," तो म्हणाला. "पण कस्टमवाल्याला काय सांगू? दत्तूचा अर्धा भाऊ?"

नव्या फिटरचं नाव हम्माद. पहिल्याच दिवशी त्याने दांड्यावर पाइप चढवला. दत्तारामने पाइप काढून घेतला आणि तळहाताने दांडा फिरवून दाखवला: एवढंच. "मालेश, मुअल्लिम," माफ करा, उस्ताद, असं हम्माद ओशाळून म्हणाला. मग तीन आठवडे तो नुसता बघत राहिला.

निघायच्या आदल्या दुपारी दत्तारामला कागदांसाठी लवकर जावं लागलं. सकाळी तो पाना घेऊन वाइस खोलायला आला. दांडा सरळ खाली लोंबत होता. स्क्रूवर ताजं तेल होतं. सवयीने त्याने फटीत बोट घातलं, ते जरा सैल गेलं. हम्मादचं बोट त्याच्यापेक्षा जाड होतं.

दत्तारामने पाना खिशात टाकला. जाताना वाइसच्या पाठीवर एकदा हात ठेवला.

"रिकामाच आलास?" गाडीत बदरुद्दीनने विचारलं. "मी बॅगेत जागा ठेवलीय ना!"

"खजूर घेऊ वाटेत, हुफूफचा," दत्ताराम म्हणाला. "आणि चाखून घे. मागच्या वेळी फारच चिकट दिला होता दुकानदाराने."