बाबांना ठाऊक होते का?

घंटा वाजली की आई आधी दाराच्या काचेच्या भोकातून पाहते, मग साखळी लावूनच दार किलकिले करते. एकाहत्तरच्या लढाईत बाबा बेपत्ता झाले. देह मिळाला नाही, नुसती तार आली. मी तेव्हा आईच्या पोटात होते. पुढे आमच्या डोंबिवलीच्या घरी कितीतरी जण आले. कुणी बाबांना परक्या तुरुंगात पाहिलेले, कुणी स्वप्नात. आईने प्रत्येकाला चार प्रश्न विचारले आणि परत पाठवले.

गेल्या श्रावणात एक वृद्ध गृहस्थ आले. जवळच्याच दिवा गावात मुलाकडे राहायला आलेले, बाबांच्याच पलटणीतले. त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्याला डांबरगोळ्यांचा वास होता.

"वहिनी, मी त्याच्या शेजारच्या खंदकात होतो."

"चहा कसा प्यायचे ते?" आईने विचारले.

"बशीत ओतून. आणि बशी दोन्ही हातांनी धरायचा, जशी काही कुणी पळवणारच आहे."

आई हसली नाही. मला मात्र त्या बशीची ऊब तळव्यांना जाणवली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"हीच का ती? बाळ येणार म्हणून नाचला होता. आम्हा सगळ्यांना गूळ वाटला त्यानं."

आईचा चेहरा मिटला. "चहा झाला असेल तर निघा," ती म्हणाली. दार लागताच म्हणाली, "आणखी एक खोटारडा."

आमच्याकडे तिसऱ्या महिन्यात गुपचूप चोरओटी भरतात. तोवर गरोदरपणाची वाच्यता करायची नाही, दृष्ट लागते. आईने तो नियम पाळला. ओटी भरली त्या संध्याकाळी तिने बाबांना पत्र लिहिले. ते न उघडताच परत आले. म्हणजे मी येणार आहे हे बाबांना कधीच कळले नव्हते. एवढे एक सत्य उराशी धरून मी पन्नाशी ओलांडली. आता एका परक्याने माझ्या जिभेवर गूळ ठेवला होता. तो गोड लागत होता, म्हणूनच मला त्याचा संशय येत होता.

तेव्हा ही बातमी आईखेरीज फक्त आजीला ठाऊक होती. आजीला लिहिता येत नव्हते; तिची पत्रे शाळकरी आत्या लिहीत असे. मी कल्याणला आत्याकडे गेले. ती मोड आलेले वाल सोलत बसली होती.

"आत्या, आजीने तुझ्याकडून बाबांना माझ्याविषयी काही लिहून घेतलं होतं?"

"नाही गं बाई. मी कशाला लिहीन?"

उत्तर फार लवकर आले. तिच्या हातातला वाल सालासकट सोललेल्यांत पडला.

"त्यांनी गूळ वाटला होता, आत्या."

तिने बोटे पाण्यात बुडवली. वालांचा उग्र, ओला वास खोलीभर होता.

"आमच्या आईला दम निघेना," ती म्हणाली. "'सुनेला कळू देऊ नकोस, चार ओळी लिही.' मीच पेटीत टाकलं. मग तार आली. तेव्हा देवापुढे बसवून शपथ घातली मला. आपण आधी बोललो म्हणून तो गेला, कुणापाशी तोंड उघडायचं नाही."

"आणि तू ते खरं मानलंस?"

"चौदा वर्षांची होते मी. तुला काय जातंय विचारायला!"

सणाला आली तरी ती आईची नजर टाळून दाराशीच बसत असे. आई त्याला ताठा समजत आली. परतताना रिक्षात मात्र पुन्हा शंका आली. मला जे हवे होते, नेमके तेच तिने दिले होते. माया करणारी माणसेही खोटे बोलतात.

घरी पोचले तेव्हा कारखान्यांकडून येणारा आंबूस दर्प कोंडून राहिला होता. आईला सगळे सांगितले.

"तुझं तोंड बघून म्हणाल्या असतील," ती म्हणाली. मग स्वतःच फोन उचलला.

"वन्सं, त्या पत्रात काय होतं? शब्द न् शब्द सांगा."

पलीकडचे मला ऐकू येत नव्हते. आईने डोळे मिटले होते.

"सुरुवात? ... 'चिरंजीव'. हं, सासूबाई तसंच सांगायच्या. पुढे?"

ती ऐकत राहिली. मी काही विचारणार, तोच तिने बोट ओठांवर ठेवले आणि पंख्याकडे खूण केली. मी पंखा बंद केला.

"आता पुन्हा सांगा," आई म्हणाली.