काशाच्या परातीतलं पाणी

माझ्या लग्नात आधी धुतले गेले ते माझे पाय नव्हते.

आमच्याकडे मुलीचे आईबाप नवरा-नवरीचे पाय काशाच्या परातीत धुतात. ते पाणी आपल्या डोळ्यांना लावतात. दुर्गजवळच्या पोलाद प्लांटच्या कामगारवस्तीत, कॅम्प-१ मधल्या गल्लीत मांडव होता. मुहूर्त टळत आला होता. वाजंत्रीवाले कंटाळून बिड्या ओढत होते. सगळ्यांचे डोळे एका खुर्चीवर. पांढरा टॉवेल टाकलेली, सगळ्यांत पुढे, रिकामी. भैयाजी आल्याशिवाय अक्षता पडायच्या नाहीत, हा वस्तीचा नियम.

भैयाजी ना मंत्री, ना आमदार. पण आमदार कोण होणार, ते त्यांच्या गच्चीवर ठरायचं. सुपेल्याच्या बाजारात कोणाचा ठेला लागेल, रसमड्याच्या कारखान्यात कोणाचं पोरगं चिकटेल, पोलीस ठाण्यातून कोण सुटेल, सगळं त्यांच्या एका 'हां'वर. गल्लीत नळ त्यांनीच आणला, हे मी नाकारत नाही. गोंदियाकडची शेती सोडून आलेल्या माझ्या बाबांना प्लांटमध्ये ठेकेदाराकडे काम मिळालं, तेही त्यांच्याच शब्दाने. बाबा त्या उपकाराखाली वाकले ते वाकलेच.

भैयाजी आले. फोनवर बोलतच बसले. बाबांनी माझ्यासाठी मांडलेली परात उचलली आणि त्यांच्या पायाशी नेली. कोणी सांगितलं नव्हतं. एका कार्यकर्त्याने लगबगीने भैयाजींचे बूट-मोजे काढले. बाबांनी तांब्या ओतला. भैयाजींनी पाय आखडला.

"अरे, पानी तो गरम करवा लेते।"

मांडव हसला. बाबाही हसले. चुलीकडे पळाले. पाणी तापवून आणलं, पुन्हा पाय धुतले, डोळ्यांना लावलं. तेवढ्यात भटजी ओरडले, मुहूर्त चालला! दुसरं पाणी आणायला वेळ नव्हता.

त्याच पाण्यात माझे पाय धुतले.

कोमट होतं. गढूळ. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण नवरीने मान खालीच घालायची असते. माझा चेहरा कोणी पाहिला नाही.

लग्नानंतर मी दुर्गच्या रेल्वे क्वार्टरात गेले. कॅम्पातल्या लग्नांना जाणं कायमचं सोडलं. पुढे भैयाजी गेले. बाजार आपोआप बंद झाला, थोडा करवलाही गेला. चौकात पुतळा बसला. पुतळ्याच्या पायातही बूट आहेत, चकचकीत. गच्चीवर आता त्यांचा मुलगा बसतो. छोटे भैया.

नवऱ्याची बदली लांब झाली, तशी मी लेकीला घेऊन माहेरी आले. लेकीचं लग्न ठरलं. त्यासाठी भैयाजींच्या नावाचं भवन, वस्तीतलं कार्यालय, मागितलं. त्यांच्या ऑफिसातला माणूस दारात आला.

"भवन आपका, दीदी। बस, छोटे भैया के पांव कब पखारेंगे, टाइम बता दीजिए।"

"पांव धोना? ये कहां का रिवाज है?"

तो हसला. "आपके ही घर से तो शुरू हुआ था। अब हर शादी में होता है।"

मी दाराची चौकट धरली. इतक्या वर्षांत या वस्तीतल्या किती पोरींनी त्या पाण्यात पाय ठेवले असतील? माझ्या बापाच्या लाचारीची यांनी रीत केली. भैयाजींचा खरा पुतळा चौकात नाही. तो आमच्या घरात बसलाय.

"भवन नहीं चाहिए," मी म्हणाले. "शादी गली में होगी। छोटे भैया आएं, दरी पे बैठें, सबके साथ। जूता खुद उतारें।"

त्याचं हसू गेलं. "दामाद रसमड़ा में काम करता है ना, दीदी?"

"करता है।"

तो गेला. बाबा खाटेवरून बोलले, "कावून भांडून राहिली? पोराची नोकरी जाईन. काय जाते आपलं? पानीच तं आहे."

"बाबा, त्याच पान्यात माहे पाय धुतले होते तुमी."

बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. मी त्यांची समजूत काढली नाही. काढणारही नाही.

लेक आतून सगळं ऐकत होती. तिने होणाऱ्या नवऱ्याला फोन लावला. बराच वेळ बोलली. मग बाहेर आली.

"आई, मी त्याले सगळं सांगितलं. नोकरीचं पन."

"काय म्हणाला?"

"म्हणे, देख लेंगे."

परात मी राखेने घासून ठेवली आहे. लग्नाच्या दिवशी आम्ही नवराबायको तिच्यात नळाचं थंड पाणी ओतू. पाय दोघांचेच धुतले जातील, माझ्या लेकीचे आणि तिच्या नवऱ्याचे. नोकरी गेली तर दुसरी शोधू. नळ तोडला तर सगळी गल्ली घेऊन त्यांच्या गच्चीखाली उभी राहीन. मुहूर्त कोणासाठीही थांबणार नाही.

मांडवात पुढे खुर्ची नसेल.