खंडेनवमीला थांबलेलं मशीन

१६ सप्टेंबर २०२४, सोमवार. रुपये बारा हजार आठशे. धाराशिवच्या कल्याणप्पांच्या दुकानातून प्रेमलाबाईंनी जुना लॅपटॉप घेतला, तो या तारखेला आणि या किमतीला. दोन दिवसांनी पितृपक्ष लागायचा होता. त्या पंधरवड्यात नवी वस्तू घरात आणायची नाही हा त्यांच्या यजमानांचा, अंबादासरावांचा नियम. म्हणून घाई. वस्तू जुनीच होती, पण घराला नवी.

बारा हजार दोनशे त्यांनी जागेवर दिले. ते पैसे टाइपरायटरचे होते. भूमला एसटी स्टँडच्या मागं दोन खोल्यांत प्रेमलाबाईंनी टायपिंगची इन्स्टिट्यूट चालवली. मिनिटाला मराठी तीस शब्द, मराठी चाळीस, इंग्रजी तीस. तालुक्यातला कारकून म्हटला की तो बहुधा त्यांच्या हाताखालून गेलेला. परीक्षा कॉम्प्युटरवर गेल्या तशी पोरं कमी होत गेली. एका वर्षी एकही आलं नाही, तेव्हा खोल्या सोडल्या आणि मशीनं घरी आणून माळ्यावर ठेवली. शेवटी ती भंगाराच्या भावानं गेली. माणूस तराजूला लावत होता तेव्हा बाई आत जाऊन बसल्या होत्या.

सहाशे रुपये कमी पडले. कल्याणप्पा म्हणाले, "राहू द्या, बाई. काम सुरू झालं, पहिली कमाई हातात आली, की द्या. तुम्ही कुठं पळून चाललाय का मी?"

काम पुण्याच्या एका संस्थेचं होतं. जुन्या दप्तरांतले हस्ताक्षरातले मराठी कागद वाचून टाइप करायचे, पानामागं पैसे. संस्थेच्या महेश्वरी मॅडमनी फोनवर अटी सांगितल्या होत्या. कागद खाजगी, तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात बसून चालणार नाही. मशीन घरचं हवं, ते एकदा नोंदवायचं आणि त्याच्यावरच काम करायचं. संस्थेचं कामाचं पान फोनवर उघडत नाही. मशीनमध्ये चोरीची सिस्टिम चालणार नाही. आणि सोमवारी, १४ ऑक्टोबरला, इंटरनेटवर बसून चाचणी द्यायची. चाचणी झाली की नाव पक्कं.

चोरीची चालणार नाही हे ऐकून कल्याणप्पांनी लिनक्स नावाची सिस्टिम टाकून दिली होती. "ही जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलीय, बाई. फुकट आहे, पण चोरीची न्हाय." सगळे शब्द मराठीत दिसतील अशी सोय केली, आणि टाइपरायटरवर अक्षरं जिथं असायची तिथंच ती येतील असं बसवूनही दिलं. प्रेमलाबाईंनी पहिली ओळ टाइप केली तेव्हा बोटं न विचारता आपापल्या जागी गेली. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून त्यांनी डोळे पुसले नाहीत.

पुढचे तीन आठवडे चांगले गेले. फोनचं इंटरनेट वायफायनं लॅपटॉपला जोडायचं आणि सरावाची पानं पाठवायची. महेश्वरी मॅडम एकदा म्हणाल्या, "काकू, तुमची पानं तपासायला आमच्याकडं काही राहतच नाही." हे वाक्य बाईंनी यजमानांना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "सांगितलंस की मघाशी." पण तेही हसले होते.

अंबादासराव मूळचे तुळजापूरचे, शाळेत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. रात्री घरातला प्रत्येक दिवा दोनदा बघणारा माणूस. खंडेनवमी त्यांच्या घरी वडिलांच्या वेळेपासून कडक. हत्यारांची पूजा सगळेच करतात, पण यांच्याकडं त्या दिवशी हत्याराला पूर्ण विश्रांती. वडील विहिरीवरच्या रहाटाचा दोरसुद्धा काढून ठेवायचे. "वर्षात एक दिवस मिळतो त्याला," अंबादासराव म्हणायचे, "तोही अर्धवट द्यायचा?"

चाचणीच्या आधीच्या शुक्रवारी खंडेनवमी आली. सकाळी त्यांनी मिक्सरची पिन काढली. शिवणयंत्राचा पट्टा उतरवला. स्कूटरचा पेट्रोलचा कॉक फिरवला. मग लॅपटॉप. बंद केला, चार्जर काढला, उलटा करून बॅटरी काढली. पुढच्या कडेला नखाएवढी एक खुंटी होती, तीही त्यांनी मागं सरकवली.

"ती कशाची आहे?" प्रेमलाबाईंनी विचारलं.

"कशाची का असेना. बंद म्हणजे बंद."

मिक्सर आणि लॅपटॉप पाटावर मांडले, स्कूटर दाराशी लावली. प्रेमलाबाईंनी हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि दुसरं फूल बुडवून सगळ्यांवर पाणी शिंपडलं. त्यांच्या मनात आलं, माळ्यावरची मशीनं गेली, पण यंदा पाट रिकामा नाही.

दसऱ्याला संध्याकाळी बॅटरी घातली, लॅपटॉप सुरू केला. सगळं ठीक होतं. फक्त वायफायच्या जागी फोनचं नाव येईना. शेजारच्या घरांची नावं यायची, तीही येईनात. वरच्या कोपऱ्यात मराठीत एक ओळ होती: वायफाय हार्डवेअरकडून बंद आहे.

"हार्डवेअर म्हणजे आतलं यंत्र," अंबादासराव म्हणाले. "म्हणजे आतलं काहीतरी गेलं." ते खाली वाकून बघायला लागले. कीबोर्डच्या बटणांच्या फटीत कुंकू अडकलं होतं. "पाणी शिंपडलंस ना तू?"

"चार थेंब."

"विजेच्या वस्तूवर चार थेंब. विचार कुणालाही."

प्रेमलाबाईंनी कुणाला विचारलं नाही. त्यांना ते लगेच पटलं.

रविवारी दोघं गावातल्या सिद्धाराम मोबाइलवाल्याकडं गेले. सिद्धाराम चाळिशीचा, बोलायला मोकळा. त्यानं आधीच सांगितलं, "ही शिष्टीम मला येत न्हाय, काकू. म्या नुसतं आतलं बघतो." खालचं झाकण काढलं, ब्रश फिरवला आणि ब्रश त्यांच्यासमोर धरला. ब्रशाला लाल लागलं होतं.

"पूजा लई मनापासून केलेली दिसतीय."

"हिला पाण्याशिवाय पूजा येत नाही," अंबादासराव म्हणाले.

"मग झालं. पाणी गेलं असणार. वायफायचं कार्ड गेलं. सोलापूरहून मागवायला लागंल, आन् या जुन्या मशीनला बसंल का न्हाय, ते सांगता यायचं न्हाय."

"उद्या चाचणी आहे हो माझी," प्रेमलाबाई म्हणाल्या.

सिद्धारामनं स्क्रू लावत मान हलवली. त्याला हे रोजच कुणी ना कुणी सांगत असणार.

कल्याणप्पांचा फोन लागत नव्हता. दुकानाचा फोन त्यांच्या भावानं उचलला. तो म्हणाला, अण्णा श्रीशैलला गेलेत, मंगळवारी, बावीसला येतील. मला दुरुस्तीतलं काही कळत नाही, मी फक्त चार्जर विकतो.

सोमवारी सकाळी प्रेमलाबाईंनी पुण्याला फोन लावला. महेश्वरी मॅडम म्हणाल्या, "काकू, बाकीच्या सगळ्यांची आज होतीय. तुमच्यासाठी मी पुढच्या सोमवारपर्यंत थांबवते. त्याच्या पुढं माझ्या हातात नाही."

म्हणजे एकवीसपर्यंत. कल्याणप्पा बावीसला.

तो आठवडा अंबादासरावांनी आपल्या पद्धतीनं घालवला. फोनवर सूचना शोधायच्या, कागदावर उतरवायच्या, आणि लॅपटॉपवर सूचना टाइप करायची काळी खिडकी उघडून प्रेमलाबाईंना एकेक अक्षर सांगायचं. टाइप त्या करायच्या. पहिल्याच ओळीनंतर मशीननं पासवर्ड मागितला. बाईंनी तो टाइप केला, पण पडद्यावर काहीच उमटेना, एक ठिपकासुद्धा नाही. सगळं आयुष्य बटण दाबलं की अक्षर उमटतं या भरवशावर गेलेलं. त्या हात मागं घेऊन म्हणाल्या, "कीबोर्ड पण गेला वाटतं."

"तो दिसत नसतो म्हणे. दाब पुढचं."

पुढचं दाबलं. मशीन पुढं गेलं, आणि जे पाहिजे ते इंटरनेटवरून उतरवून घ्यायला लागेल असं म्हणून थांबलं. दुसरी सूचना केली, तीही तिथंच आली. तिसरीही.

"नेट चालू करायला आधी नेट पाहिजे," अंबादासराव कागद खाली ठेवत म्हणाले. "बादली विहिरीत पडली आणि ती काढायचा गळ त्याच बादलीत."

कुठंतरी वाचून त्यांनी फोन वायरीनं लॅपटॉपला जोडून पाहिला. वायर बाजारातली स्वस्तातली, नुसती चार्जिंगची. फोन चार्ज होत राहिला. बाकी काही झालं नाही.

बुधवारपासून दोघांत कामापुरतं बोलणं उरलं. अंबादासराव टोमणा मारत नव्हते, हेच बाईंना जास्त लागत होतं. सकाळी देवापुढं बसल्या की त्यांचा हात पळीकडं जाई आणि तिथंच थांबे. देव कोरड्या फडक्यानं पुसून त्या उठत. अंबादासरावांनी ते पाहिलं आणि पेपर वर धरला.

दुपारी त्या लॅपटॉप उघडून टाइप करत बसायच्या. पाठवायला काही नव्हतं. लहानपणी पाठ केलेले श्लोक, इन्स्टिट्यूटमधल्या पोरांची हजेरीची नावं, जे आठवेल ते. वेग कमी होऊ नये म्हणून. शुक्रवारी त्यांच्या ध्यानात आलं, की आपण हजेरीच टाइप करतोय, आणि ज्यांची नावं येतायत ते सगळे कुठंतरी पगारावर आहेत. त्यांनी झाकण लावलं.

सोमवार, एकवीस तारीख. प्रेमलाबाईंनी सकाळी एकदा मशीन लावलं. कोपऱ्यात तीच ओळ. संध्याकाळी फोन आला.

"काकू, मी वर बोलून बघितलं. तुमच्या जागेवर लातूरच्या एक बाई घेतल्यात. आता जागा राहिली नाही. वाईट वाटून घेऊ नका."

"नाही हो," प्रेमलाबाई म्हणाल्या. "तुम्ही आठवडाभर थांबलात." फोन ठेवून त्यांनी कुकर लावला.

जेवताना अंबादासराव म्हणाले, "उद्या धाराशिवला जाऊन येऊ."

"आता कशाला?"

"मशीन तर दुरुस्त होईल. पैसे घातलेत आपण."

मंगळवारी सकाळच्या एसटीनं गेले. कल्याणप्पा त्याच पहाटे परतलेले, कपाळावर भस्म ताजं. त्यांनी आधी प्रसाद दिला, मग लॅपटॉप घेतला. अंबादासरावांनी सगळं क्रमानं सांगितलं: पूजा, पाणी, सिद्धाराम, कार्ड. कल्याणप्पा ऐकता ऐकता मशीन सुरू करत होते. कोपऱ्यातली ओळ त्यांनी वाचली. मग मशीन जरा उचललं, पुढची कड आपल्याकडं वळवली, आणि ती नखाएवढी खुंटी अंगठ्यानं पुढं सरकवली. खुंटीखाली हिरवा ठिपका दिसला.

पडद्यावर नावं यायला लागली. दुकानाचं नाव, शेजारच्या मिठाईवाल्याचं, वरच्या वकिलांचं, आणि मग प्रेमलाबाईंच्या पिशवीतल्या फोनचं.

"कार्ड ठणठणीत हाय," कल्याणप्पा म्हणाले. "हे बटण बंद होतं. वायफायचं बटण हाय ते. कुणी मागं ओढलं?"

प्रेमलाबाईंना पाट दिसला, फुलं दिसली, आणि कडेवरून फिरणारं अंबादासरावांचं नख. त्यांनी यजमानांकडं बघितलं नाही. अंबादासराव काउंटरच्या काचेखालच्या चार्जरांकडं बघत होते.

"खंडेनवमीला," ते म्हणाले, "विश्रांतीला ठेवलं होतं."

कल्याणप्पा हसले. "मशीनला पण सुट्टी दिली म्हणा की, सर. आमच्या भावाला पण हेच पाहिजे." मग दोघांची तोंडं बघून त्यांनी हसणं आवरलं. "असू द्या. व्हतंय असं. पैसे काय घ्यायचे याचे? घ्या, बाई, लागा आता कामाला. ते राहिलेले पहिल्या कमाईतनं द्या, घाई न्हाय."

काम गेलं हे त्यांना दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही.

परतीच्या गाडीत जागा मिळाली. लॅपटॉप अंबादासरावांच्या मांडीवर होता, दोन्ही हातांनी धरलेला. बरंच अंतर गेल्यावर ते म्हणाले, "मला वाटलं पाणीच."

"मलाही तेच वाटलं," प्रेमलाबाई म्हणाल्या.

थोड्या वेळानं अंबादासरावांनी पुन्हा तोंड उघडलं. "पुण्याला फोन करून सांगूया का? बटण होतं म्हणून?"

"त्यांना काय सांगायचं?"

अंबादासरावांनी विचार केला. मग त्यांनी लॅपटॉप मांडीवर आणखी जवळ ओढला. खिडकीबाहेर सोयाबीनची काढलेली शेतं जात होती.

घरी आल्यावर प्रेमलाबाईंनी मशीन लावलं. ते आपोआप फोनला जोडलं गेलं. त्यांनी संस्थेचं पान उघडलं, आपलं नाव आणि पासवर्ड टाइप केला. नाव स्वीकारलं नाही. त्यांनी पुन्हा सावकाश टाइप केला. चूक होण्यासारखं काही नव्हतं, त्यांच्या हातून चूक होत नसे. तरीही तिसऱ्यांदा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी देवांवर पुन्हा पाणी घातलं. अंबादासराव दारात उभे होते. ते म्हणाले, "मोकळ्या हातानं घाल." त्यांनी पळी पुन्हा भरली.

नंतर त्यांनी दोन ठिकाणी चौकशी केली. एका ठिकाणी वय विचारलं. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, आता हे काम मशीनच वाचून करतं. लॅपटॉप शिवणयंत्राच्या फळीवर, टाइपरायटरच्या जुन्या कापडाच्या खोळीखाली आहे. पुढच्या वर्षी खंडेनवमीला तो पाटावर मांडला नाही. मिक्सर मांडला, स्कूटर दाराशी लावली. अंबादासरावांनी पिन काढली, कॉक फिरवला, आणि फळीकडं न बघता पूजेला बसले.

पहिली कमाई आली नाही. कल्याणप्पांचे सहाशे रुपये द्यायचे आहेत.