थांबून उडी मारणारी घोडी

घोडी आडव्या बल्लीपाशी आली आणि थांबली. कॅप्टनसाहेब म्हणाले, "आजही रिफ्यूज. कास्ट करा." रिफ्यूज म्हणजे उडीला नकार, कास्ट म्हणजे रिसाल्यातून नाव कमी.

मी मोमीनाबादच्या छावणीत सालोतरी होतो, म्हणजे घोड्यांचा डॉक्टर. आमच्याकडे शिलेदारी होती, घोडं स्वाराचं स्वतःचं. ही घोडी, लाडी, कास्ट झाली की तिच्या स्वारानं, म्हादबानं, दुसरी घोडी आणायची, नाहीतर घाटनांदूरला घरी जायचं. आणि ह्या गड्याचा तर सगळा जीव लाडीत. तिला पाणी पाजल्याशिवाय तांब्या तोंडाला लावायचा नाही.

"डॉक्टरसाब, ती उडी मारत न्हाई आसं कावून म्हणत्यात?" तो रडकुंडीला आला होता. "मारती की. जरा इचार करून मारती, येवढंच."

मी साहेबांकडे गेलो. "साहेब, पाय धड आहेत. ती रिफ्यूज करत नाही, स्प्रिंग करते."

"जंप काय, स्प्रिंग काय, फरक काय पडतो?"

घ्या. इंग्रजी त्यांची आणि समजवायचं मी. पण समजावलं. जंप म्हणजे कुठलीही उडी. हॉप म्हणजे आखूड, लंगडी खेळताना मारतो तशी. लीप म्हणजे धावत येऊन, अंग ताणून घेतलेली लांब झेप. स्प्रिंग म्हणजे उभ्या जागी अंग गोळा करून एकदम वर, मांजर ओट्यावर जातं तशी. लाडी घाटातल्या दगडाधोंड्यांत वाढलेली. तिथं धावत लीप घेणारं घोडं पाय मोडून घेतं.

"दाखवा," साहेब म्हणाले.

घाटातल्या कोरड्या ओढ्यावर गेलो. साहेबांचा उंच घोडा धावत आला आणि एका झेपेत पलीकडे. बघत राहावं असा. लाडीला ते जमलं नसतं. ती ओढ्यात उतरली, समोरच्या छातीएवढ्या काठाशी थांबली. म्हादबानं लगाम सैल सोडला. मग तिचे मागचे पाय दबले आणि घोडी स्वारासकट वर.

साहेब हसले. "स्प्रिंग, कबूल. पण परेडला बाकीची घोडी हिचा विचार होईपर्यंत थांबणार नाहीत."

कास्ट रद्द झाली. पण लाडीची परेडही बंद झाली. तिला घाटातली गस्त मिळाली. जनावर थांबलं तर ते पुढं काय करतंय ते बघावं आणि मग शिक्का मारावा, एवढं मी त्या दिवसापासून पाळलं.

म्हादबाला परेडचा भारी शौक. त्याला विचारलं, "वाईट वाटतंय का रे?"

घोडीच्या मानेवरून हात फिरवत तो हळूच म्हणाला, "लई वाटतंय. पन हिच्याम्होरं बोलू नका."