‘ऑफ’ बदलायला साखरखेर्ड्याला

नांदुऱ्याला रेल्वेतून उतरले तेव्हा नुकतं उजाडलं होतं. तीस वर्षं पुण्यात इंग्रजी शिकवलं, पण एका वाक्यातला ‘ऑफ’ बदलण्यासाठी इतक्या लांब कधी आले नव्हते. माझी कॉलेजातली मैत्रीण विमल फोनवर रडवेली होऊन म्हणाली होती, “यांनी सुनेला इंग्रजीत मेसेज केला अन् नातं तुटायची वेळ आली. तू ये.”

खामगाव, चिखली असं करत एसटी निघाली. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस आणि शेंगांनी वाकलेली तूर. माझ्या खिडकीची काच काही लागेना. साखरखेर्ड्याला पोचेपर्यंत मी धुळीने अशी माखले, की विमलने दार उघडून विचारलं, “कोण पाहिजे?”

तिचे यजमान भाऊराव सत्तरीचे, शेतकरी. मुलगा आयर्लंडला असतो, सून नोरा तिकडचीच. दोघं नुकतेच पंधरा दिवस राहून गेले. नोरा रोज सासऱ्यांबरोबर शेतात जायची आणि एकमेकांचं अक्षरही न कळता दोघं भरपूर बोलायचे. ती गेल्यावर भाऊरावांनी डिक्शनरी काढून तिला लिहिलं, ‘आय वॉज हॅपी विथ यू. नाऊ आय ॲम बोअर्ड ऑफ यू.’

“तू होती तवा मी खुश होतो, आता तुह्यावाचून करमत नाही,” भाऊराव मला म्हणाले. “हेच लिहिलं ना ताई? मंग काऊन रुसली पोरगी?”

“भाऊराव, त्याचा अर्थ होतो, आधी तुझ्याबरोबर बरं वाटायचं, आता तुझा कंटाळा आला.”

ते मटकन ओट्यावर बसले. आठ दिवस नोराने त्यांचा फोन घेतला नव्हता. ‘त्या घरात पुन्हा येणार नाही,’ असं तिने नवऱ्याला सांगितलं होतं.

तेवढ्यात शेजारी जमले. औषधाच्या दुकानाचे मालक म्हणाले, “‘ऑफ’ काढा, ‘फ्रॉम’ टाका. गोळ्यांच्या पाकिटावर ‘फ्रॉम’च असते.” निवृत्त तलाठ्यांचं मत पडलं, “घात ‘वॉज’नं केला. माणूस वारल्यावर ‘होता’ लिहितात.” शेवटी हात वर करून मतदान झालं. ‘फ्रॉम’ला सात मतं पडली. मी सुचवलेल्या ‘आय मिस यू’ला एकच, तेही विमलचं.

तरी मी हट्टाने तेच लिहून दिलं.

“मिस तर बस होते,” भाऊराव म्हणाले. “सून कशी मिस व्हईन? अन् याच्यात ‘करमत नाही’ कुठं हाये?”

शेवटी माझ्या वाक्याखाली त्यांनी मराठीतच ‘करमत नाही’ असं लिहिलं आणि पाठवलं. आम्ही जेवायला बसलो. कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) आणि ठेचा. भाऊरावांनी घास तोंडात घातलाच नाही, ताटाशेजारी फोन ठेवून बसून राहिले.

आमचं जेवण चालू असतानाच उत्तर आलं. ‘करमत’ म्हणजे काय, हे नोराने नवऱ्याला विचारलं असावं, कारण तिने मराठीत लिहिलं होतं, ‘बाबा, मी तुमचा राग आली. आता राग गेली. मी पण करमत नाही.’

उत्तरासाठी थांबून राहिलेले तलाठी पुढे झुकले. “‘मला’ पाहिजे. चतुर्थी चुकली. अन् राग पुल्लिंगी...”

“हात लावू नका बे!” भाऊराव ओरडले. “पोरीचं बरोबर हाये.” आणि मग त्यांनी डोळे पुसत भाकरी मागितली.

माझ्याही जिभेवर तीच दुरुस्ती आली होती. मी ठेच्याबरोबर गिळली. मराठीत राग आपल्याला येतो आणि पाहुण्यासारखा निघून जातो. इंग्रजीत माणूसच रागावलेला असतो. इतकी वर्षं फळ्यावर ‘मला राग आलाय’ आणि ‘आय ॲम अँग्री’ शेजारी शेजारी लिहून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

परतीच्या गाडीत शेजारच्या बाईंनी विचारलं, “इकडे कशासाठी आला होता?”

“एका माणसाचं इंग्रजी सुधारायला.”

“सुधारलं?”

“नाही. उलट त्याच्या सुनेचं मराठीही बिघडलेलं सोडून आले,” मी म्हणाले. “पण सून मे महिन्यात येतेय. बुलढाण्यात, मे महिन्याच्या उन्हात!”