वुर्यांतोंची न दिसणारी चांदी

चांदीकामासाठी नावाजलेल्या कोतागेदेच्या गल्लीत जन्मून ज्याला चांदी ठोकता येत नाही, त्याला लोक आळशी म्हणतात नाहीतर शिकलेला. वुर्यांतो शिकलेले निघाले. आजोबा चांदीच्या किटल्या करायचे, थोरला भाऊ गोंदो अजून दारात बसून हातोडी चालवतो, आणि हे जोग्जा शहरातल्या एका खासगी विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवतात.

विद्या मात्र चांदीचीच. विड्याच्या पानांचा काढा घ्यायचा, चांदीचा क्षार डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून त्यात ओतायचा आणि मायक्रोवेव्हमध्ये थोडा वेळ तापवायचा. पाणी पिवळं होतं, मग तपकिरी. त्या रंगातच चांदीचे अतिसूक्ष्म कण असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि तराजूलाही फारसे सापडत नाहीत.

"वजन किती भरलं?" पहिली बाटली हातात घेऊन गोंदोने विचारलं होतं.

"वजनाचा प्रश्नच नाही रे दादा. हे नॅनो आहे."

"म्हणजे काहीच नाही भरलं. आजोबांनी किटली केली, तू चहा केलास. चालायचंच."

गल्ली पोट धरून हसली. वुर्यांतोही हसले, पण ते बोलणं त्यांच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. आता प्रोफेसर झाल्याशिवाय या गल्लीत मान वर करायची नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. आमच्याकडे कॉलेजात शिकवणारे पैशाला पासरी, पण प्रोफेसर म्हणवून घ्यायला सरकारदरबारी शिक्का लागतो. निवृत्ती जवळ आली तरी वुर्यांतोंना तो लागला नव्हता. शेवटी त्यांच्या चांदीवरचा लेख कुठेतरी छापून आला आणि विद्यापीठाने कळवलं, की तीन प्रोफेसर येऊन प्रयोग डोळ्यांनी बघतील. त्यांची शिफारस मिळाली तर शिक्का, नाही तर पेन्शन. दुसरी संधी नव्हती.

बायकोने नवा बाटिकचा सदरा शिवून घेतला, गल्लीतल्या पोरांनी 'प्रोफ' अशी हाक मारायला सुरुवातही केली. बाजारात तुरी, तशातली गत. आईने तर कडीच केली. राजांच्या थडग्यांजवळच्या झऱ्याचं पाणी आणलं आणि मशिदीतल्या कियाईंकडून, म्हणजे आमच्या मौलवींकडून, त्यावर दुआ फुंकून घेतली.

"थोडं पी, थोडं तोंडाला लाव, आणि उरलेलं तुझ्या त्या कामात घाल," ती म्हणाली.

"आई, कामात असलं पाणी चालत नाही गं."

"राजांना चाललं, तुला चालत नाही? फार शिकलास बाबा!"

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. दरवर्षी नव्या पोरांना वुर्यांतो याच क्षाराने पाण्यातलं मीठ ओळखायला शिकवायचे. "पाणी दुधाळ झालं की समजा मीठ आहे. चांदी मिठाची चुगली करते," हा त्यांचा ठरलेला विनोद. त्यावर पोरं हसायची आणि परीक्षेत तेच लिहून पास व्हायची. जमिनीतून आलेल्या कुठल्याही पाण्यात थोडंफार मीठ असतंच, मग ते राजांच्या शेजारून आलेलं का असेना. पण पोरांना सांगितलेलं स्वतः ऐकायची मास्तरांना सवय नसते. परीक्षेच्या सकाळी दुसरी संधी नाही हे आठवलं, तेव्हा त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि डिस्टिल्ड पाण्याच्या बाटलीत आईची बाटली उपडी केली. आधी घोटभर, मग विश्वास वाढला तशी सगळी.

तिन्ही प्रोफेसर समोर बसले. वुर्यांतोंनी क्षार पाण्यात टाकला आणि पाणी ताकासारखं पांढरं झालं. तरी त्यांनी काढा ओतला आणि घाईघाईने सगळं ओव्हनमध्ये सारलं, जणू गरम झालं की ताकाची चांदी होणार होती. बाहेर आला तो राखाडी गाळ.

आमच्याकडे माणसाच्या तोंडावर 'चुकलं' म्हणणं म्हणजे त्याच्या ताटात थुंकण्यासारखं.

"रंग सौम्य आलाय," समितीच्या प्रमुख बू हपसारी म्हणाल्या. (आमच्याकडे मानाने बाईंना 'बू' म्हणतात, पुरुषांना 'पाक'.)

"फारच सौम्य," दुसऱ्यांनी मान डोलावली.

"पाणी नेहमीचंच ना, पाक?" बू हपसारींनी अगदी हळू विचारलं.

खरं सांगितलं तर झऱ्याचं पाणी वापरणारा रसायनशास्त्रज्ञ म्हणून जन्मभर हसं.

"डिस्टिल्डच. अगदी नेहमीचं," वुर्यांतो म्हणाले.

"मग ओव्हनचं काही असेल," बू हपसारींनी दोर टाकला.

वुर्यांतोंनी तो दोन्ही हातांनी धरला. दारात चहाचा ट्रे घेऊन विभागाच्या कारकून बू तुमिनी उभ्या होत्या.

"काय सांगू! आमच्या बू तुमिनी रोज त्यात खारे मासे गरम करतात. मीठ बसलं असणार."

मीठ उडून पेल्यात जात नाही, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. शिवाय पाणी पांढरं झालं ते ओव्हनमध्ये जायच्या आधी, आणि तिघांनीही ते बघितलं होतं. पण तिघांनीही सुटकेचा निःश्वास टाकला आणि तिघंही खो खो हसले. तुमिनीबाईंनी ट्रे खाली ठेवला.

"माफ करा, पाक. मला काय ठाऊक?"

वुर्यांतोंना लाज वाटली, नाही असं नाही. पण लाजेपेक्षा सुटका मोठी होती. प्रयोग छापून आलेलाच आहे, मग पुन्हा करायची गरज काय, असं ठरलं आणि सह्या झाल्या.

यथावकाश वुर्यांतो प्रोफेसर झाले. आमच्या रिवाजाप्रमाणे पिवळ्या भाताचे डोंगर रचून गल्ली जेवली, गोंदोनेसुद्धा दोनदा वाढून घेतलं. आई सांगत सुटली, की सगळी झऱ्याची कृपा. त्या माशांपायी तुमिनीबाईंची बदली विद्यापीठाच्या स्कूटरतळावर झाली. ऑफिसात जन्म गेलेली ती बाई आता उन्हात बसून पावत्या फाडायची.

मग ईद झाली. ईदनंतर आमच्याकडे सगळी कचेरी रांग लावते आणि प्रत्येकजण प्रत्येकाचे हात हातात घेऊन क्षमा मागतो. कशाबद्दल ते कुणी सांगत नाही, कुणी विचारतही नाही. एका वाक्यात वर्षाचा हिशेब मिटतो. नवे प्रोफेसर पहिल्या ओळीत उभे होते.

तुमिनीबाई त्यांच्यापाशी आल्या आणि थांबल्या. रांग थांबली.

"पाक प्रोफ, माझ्या माशांपायी तुमचं वाटोळं होता होता राहिलं. मला झोप लागत नाही हो. मनापासून माफी मागते."

वयाने त्या मोठ्या होत्या. वुर्यांतोंच्या तोंडात त्या दिवसाचं वाक्य तयार होतं, 'माझं काही चुकलं असेल तर माफ करा.' सकाळपासून येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना ते म्हणून झालं होतं, शिपायापासून कुलगुरूंपर्यंत. एकदा आणखी म्हटलं असतं तर बाईंना काही कळलं नसतं आणि यांची चाकरीही गेली नसती.

पण लोक बघत होते. वुर्यांतोंनी बाईंचे दोन्ही हात हातात घेतले.

"विसरा ते, बू. मी तुम्हाला केव्हाच माफ केलंय."

"काय मन आहे प्रोफेसरांचं!" मागून कुणीतरी म्हणालं. तुमिनीबाई ओंजळीत तोंड धरून रडल्या, पुन्हा पुन्हा वाकल्या आणि स्कूटरतळाकडे गेल्या. तोवर वुर्यांतोंनी पुढच्या माणसाचे हात धरले होते.